कॉंक्रीट काउबॉय: फिलाडेल्फियाच्या गल्लीतले घोडे आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा

रानजाई

(गोष्टीचा शेवटही खाली आला आहे. आधी चित्रपट बघायचा असेल तर बघून या, धागा इथेच आहे.)

शाळेतून काढून टाकलेल्या पंधरा वर्षांच्या कोलला त्याची आई डेट्रॉईटहून गाडीत घालून आणते आणि उत्तर फिलाडेल्फियातल्या एका गल्लीत बापाच्या दारात सोडून निघून जाते. तिचे उपाय संपले आहेत. बाप, म्हणजे हार्प, या मुलाला जवळजवळ अनोळखीच आहे. तो तुरुंगात राहून आलेला, कमी बोलणारा, हट्टी माणूस. आणि त्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत, एक घोडा उभा आहे.

इथून पुढे गोष्ट बऱ्यापैकी ओळखीच्या वाटेने जाते. बाप-लेकाचं जमत नाही, बालपणीचा मित्र वाईट धंद्यात ओढू बघतो, एक अवखळ घोडा फक्त या मुलाचं ऐकतो, मित्र मारला जातो, बाप-लेक जवळ येतात. एवढंच असतं तर मी धागा काढला नसता. मला लिहावंसं वाटलं ते तबेल्यामुळे.

रिकी स्टॉबचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. सप्टेंबर २०२० मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि २ एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. हार्प झालाय इद्रिस एल्बा, कोल झालाय 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतला कॅलेब मॅक्लॉक्लिन. आधार आहे जी. नेरी यांच्या २०११ च्या किशोर-कादंबरीचा. कादंबरीतला कोल बारा वर्षांचा आहे, चित्रपटात तो पंधराचा केलाय, आणि त्या तीन वर्षांनी बराच फरक पडलाय. बाराव्या वर्षी गल्लीतला मित्र खेळायला बोलावतो, पंधराव्या वर्षी माल पोचवायला.

तबेला मात्र कल्पनेतला नाही. स्ट्रॉबेरी मॅन्शन नावाच्या वस्तीत फ्लेचर स्ट्रीटवर तो खरोखर आहे. एलिस फेरेल यांनी २००४ मध्ये 'फ्लेचर स्ट्रीट अर्बन रायडिंग क्लब' रीतसर सुरू केला, पण या भागात काळ्या कुटुंबांनी घोडे पाळण्याची रीत त्याआधी किमान शंभर वर्षांची. दूध, भाजी, बर्फ, भंगार हे सगळं एकेकाळी शहरात घोडागाडीवर फिरायचं. दक्षिणेतून लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांत आली तेव्हा शेताबरोबरच घोड्याची जाणही घेऊन आली. पुढे मोटारी आल्या आणि गाडे बंद पडले, तरी काही गल्ल्यांतून तबेले टिकले. धंदा गेला आणि घोडा उरला. मग तो कशासाठी ठेवायचा, याचं उत्तर त्या लोकांनी स्वतः शोधलं: पोरांसाठी.

चित्रपटातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे. कोलला घोड्यावर बसायचंय. त्याच्या हातात येतं फावडं. आधी लीद उचल, ठाण साफ कर, भुसा पसर, मग बघू. पहिल्या दिवशी त्याला फावडं नीट धरताही येत नाही. व्हीलचेअरवरचा पॅरिस त्याला शिकवतो. ही भूमिका करणारा जमील प्रॅटिस अभिनेता नव्हे, फ्लेचर स्ट्रीटचाच स्वार. त्याच्या चेहऱ्यावर अभिनय करतोय असं कुठेही दिसत नाही. घाम, वास, चिडचिड, दुखणारे खांदे असं सगळं दिग्दर्शक घाई न करता दाखवतो. त्या मुलाला उपदेश कुणीच करत नाही. घोड्याला सकाळी खायला लागतं, मग तुझा मूड कसाही असो. पंधरा वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही, असं चित्रपटाचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटलं.

दुसरी गोष्ट जागेची. तबेला उभा आहे ती जमीन या लोकांच्या नावावर नाही. आजूबाजूला नवी बांधकामं होतायत, वस्तीचे भाव वाढतायत. एक दिवस महापालिकेची माणसं येतात आणि घोडे वाईट स्थितीत आहेत म्हणून उचलून नेतात. प्रत्यक्षातही असंच काहीसं चाललेलं. फ्लेचर स्ट्रीटवरचे काही तबेले शहराने आधीच पाडले होते, आणि जिथे घोडे मोकळे सोडायचे ते तबेल्यासमोरचं मैदानही बांधकामासाठी गेलं. सगळे या चित्रपटाला बाप-लेकाची गोष्ट म्हणतात. मला तो बघताना सारखं वाटत राहिलं की, मोठं व्हायला पोराला एक जागा लागते, आणि ती जागा कुणाच्या तरी नकाशात 'रिकामी' म्हणून रंगवलेली असते.

तुम्ही पाहिला असेल तर लिहा. घोड्यांची माहिती असलेल्यांनी तर नक्कीच.

अभिजित_एनजे

फार बरं वाटलं हा धागा बघून. मी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो आणि फिलाडेल्फियात कामानिमित्त जाणं होतं. फेअरमाउंट पार्कच्या कडेने जाताना सिग्नलला शेजारी घोडा उभा राहण्याचा अनुभव मी घेतलाय. स्वार सोळा-सतरा वर्षांचा, अंगात हुडी, पायात साधे बूट, खोगीर नाही. हिरवा दिवा लागल्यावर तो दुडक्या चालीने निघून गेला आणि मागच्या कुठल्याही गाडीने हॉर्न वाजवला नाही. तिथल्यांना त्यात नवल नाही.

रानजाई, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. हार्प मुलाला सांगतो की, तुझं नाव मी जॉन कोलट्रेन या जॅझ सॅक्सोफोनवादकावरून ठेवलं. हे पटकथेतलं नुसतं शोभेचं वाक्य नाही. कोलट्रेनचं घर याच स्ट्रॉबेरी मॅन्शनमध्ये, तेहतिसाव्या रस्त्यावर आहे. १९५२ मध्ये त्याने ते विकत घेतलं आणि तो तिथे राहिला. १९९९ मध्ये त्या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. कोलट्रेनचे वडील तो बारा वर्षांचा असताना गेले. म्हणजे बापाविना वाढलेल्या एका मोठ्या माणसाचं नाव हार्प स्वतःच्या मुलाला देतो, आणि मग स्वतःच त्याला बापाविना वाढवतो. हे कळल्यावर तो प्रसंग मी पुन्हा पाहिला आणि एल्बाचं काम वेगळंच दिसलं.

केतकी

धागा आवडला, पण चित्रपटाबद्दल तुमच्याइतकी खूश नाही मी.

कोलच्या त्या बालपणीच्या मित्राचं, स्मशचं काय? जॅरेल जेरोम इतका जिवंत नट, त्याच्या वाट्याला ठरीव मरण आलंय. पश्चिमेकडे जाऊन स्वतःचं रान घ्यायचं, त्यासाठी पैसे साठवायचे, म्हणून गल्लीत माल विकायचा. तो पडद्यावर येऊन हे स्वप्न सांगतो त्याच क्षणी कळतं की, हा शेवटापर्यंत राहणार नाही. अमेरिकन चित्रपटात गरीब वस्तीतल्या काळ्या मुलाने स्वप्न बोलून दाखवलं की त्याची घटका भरली म्हणून समजावं. तबेला दाखवताना जो दिग्दर्शक इतका ताजा आहे, तो इथे जुन्या साच्यात का शिरतो?

शिवाय दिग्दर्शक गोरा आहे. त्याने काढू नये असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या माणसाला त्या वस्तीत पहिल्यांदा काय दिसतं? बंदुका आणि घोडे. आतल्या माणसाला कदाचित रविवारचं जेवण दिसलं असतं, चर्च दिसलं असतं, शाळेत चांगले मार्क मिळवणारी आणि तरीही तबेल्यात येणारी मुलगी दिसली असती. इव्हाना-मर्सिडीज ही खरी स्वार त्यात आहे, एशाच्या भूमिकेत. पण तिच्या वाट्याला आलंय कोलला आवडणं. तिला घोड्यांबद्दल काय वाटतं, ती तिथे का येते, यावर दोन मिनिटं दिली असती तरी मला पुरली असती.

रानजाई

केतकी, स्मशबद्दल पूर्ण सहमत. त्याच्या मरणाने कोलचं काय झालं हे दिसतं, स्मशचं स्वतःचं काय होतं हे कमी दिसतं.

दिग्दर्शकाबद्दल थोडं. स्टॉब फिलाडेल्फियातच काम करत होता. ऑफिसच्या खिडकीतून त्याला रस्त्यावरून जाणारी घोडागाडी दिसली आणि तिथून हे सुरू झालं, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. त्यानंतर तो फ्लेचर स्ट्रीटवर जाऊन-येऊन राहिला. अनेक दुय्यम भूमिकांत खरे स्वार आहेत आणि शेवटच्या श्रेयनामावलीत ते स्वतः कॅमेऱ्याशी बोलतात. याने तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर होत नाही, हे मान्य आहे. तरी एक गोष्ट सांगते. त्याला मदत करणारा आणि वाट दाखवणारा तिथलाच एक स्वार चित्रीकरण सुरू होण्याच्या थोडं आधी गोळीबारात मारला गेला. चित्रपट त्याला अर्पण केलाय. हे कळल्यापासून मला स्मशच्या मरणाला नुसता साचा म्हणता येत नाही. साचा आहेच, पण तो साचा त्या गल्लीत खराही आहे, आणि हे दोन्ही एकदम सहन करावं लागतं.

खोगीर

लहानपणापासून घोड्यांत वावरतो, म्हणून बोलतो.

साफसफाईचे प्रसंग अस्सल आहेत. ओला भुसा वेगळा काढायचा, कोरडा बाजूला सारायचा, लीद काट्याने चाळून घ्यायची, याला कसब लागतं. नवीन माणूस पहिल्या दिवशी निम्मा चांगला भुसासुद्धा फेकून देतो. घोड्याजवळ जाताना त्याच्या मागून जायचं नाही, खांद्याकडून जायचं, बोलत जायचं, हेही नीट दाखवलंय. खूर उचलून खरवडताना हात कुठे ठेवायचा, हे त्या स्वारांना शिकवावं लागलेलं नाही ते लगेच कळतं.

एक जागा खटकली. बू नावाचा तो घोडा कुणालाच जवळ येऊ देत नाही, आणि कोल त्याच्या ठाणात एक रात्र काढतो तिथून गाडी फारच वेगात रुळावर येते. बिथरलेलं जनावर असं वळत नाही. आधी तो तुम्हाला दाराशी उभं राहू देतो. मग चंदीची बादली हातात असताना. मग बादली नसताना. मग मानेला हात. खरारा करू देतो तो दिवस सणाचा. यात महिने जातात, आणि मधेच एखाद्या मोठ्या आवाजाने सगळं पुन्हा पहिल्यापासून. चित्रपटाला दोन तासांत सगळं बसवायचं असतं हे समजतं. पण धागाकर्तीनेच म्हटलंय की, चित्रपटाचा जीव रोजच्या कामात आहे. मग ज्या घोड्यामुळे मुलगा बदलतो, त्या घोड्याचंच रोजचं काम का गाळलं? तो सावकाशपणा पडद्यावर आला असता तर मित्राबरोबरच्या रात्रींना तोडीस तोड उत्तर मिळालं असतं. एका बाजूला एका रात्रीत हातात येणारे पैसे, दुसऱ्या बाजूला महिनोन्महिने राबल्यावर घोड्याने एकदा मान खाली घालणं.

इद्रिस एल्बाला घोड्यांची ॲलर्जी आहे, त्यानेच सांगितलंय. तरी त्याची बैठक चांगली आहे. पाठ सैल, हात खाली. मेहनत दिसते.

पशुवैद्य_नगर

खोगीर यांचा प्रतिसाद फार आवडला.

माझा प्रश्न अप्रिय वाटेल, पण विचारतो. चित्रपटात घोडे नेणारे सरकारी लोक खलनायक आहेत. प्रत्यक्षात अशा तबेल्याबद्दल तक्रार आली तर मी तपासायला गेलो असतो. घोडा दिवसातून बराच वेळ चालत-चरत राहायला बनलेलं जनावर आहे. अरुंद ठाणात कोंडून ठेवलं, तंतुमय चारा कमी पडला की पोटशूळ होतो आणि त्यात घोडा चोवीस तासांत जाऊ शकतो. डांबरावर दौडवलं तर खुरांवर आणि सांध्यांवर आघात बसतो, नाल घसरते. बैठकीच्या खोलीत घोडा दिसायला विलक्षण आहे, पण मला त्या दृश्यात पहिल्यांदा दिसली ती जमीन: निसरडी, आणि खाली पडला तर वळायला जागा नाही. प्रेम आहे म्हणून काळजी बरोबर घेतली जाते असं नाही.

हे झालं एका बाजूचं. दुसरी बाजूही तेवढीच खरी. फिलाडेल्फियाचे हे स्वार त्यांचे बरेच घोडे जवळच्या लँकेस्टर काउंटीतल्या न्यू हॉलंडच्या लिलावात घेतात. तिथे शर्यतीतून बाद झालेले, गाडीला जुंपून थकलेले घोडे येतात. बोली लावणाऱ्यांत कत्तलीसाठी घेणारे असतात. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण त्यामुळे जनावरं वाचली नाहीत. ती ट्रकमधून कॅनडा आणि मेक्सिकोला जाऊ लागली. म्हणजे फ्लेचर स्ट्रीटच्या अपुऱ्या ठाणात उभ्या असलेल्या घोड्यापुढे दुसरा पर्याय हिरवं कुरण नव्हतंच. तो ट्रक होता.

म्हणून शहराने घोडे उचलण्याऐवजी चरायला जागा आणि महिन्यातून एकदा पशुवैद्य दिला असता तर दोन्ही प्रश्न सुटले असते. समोरचं मैदान काढून घ्यायचं आणि मग घोडे कोंडलेले आहेत म्हणून दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

रानजाई

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. धागा काढताना मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि इतकं स्वच्छ लिहिता आलं नव्हतं.

मध्यरात्र

शेकोटीच्या प्रसंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही? रात्री सगळे स्वार शेकोटीभोवती बसतात आणि कोलला सांगतात की, काउबॉय म्हणजे गोरा माणूस हे हॉलिवूडने शिकवलेलं आहे. अनेकांना ते भाषण वाटलं. मला वाटलं, ज्याला शाळेच्या पुस्तकात आपलं कुणी सापडलं नाही त्याला हे असंच, अंधारात, मोठ्यांच्या तोंडून कळतं.

आणि ते खरंही आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर टेक्सासहून गुरांचे कळप उत्तरेला हाकत न्यायचे, त्या गुराख्यांत साधारण चौथा माणूस काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गुलामगिरीत असताना मळ्यांवर घोडे आणि गुरं सांभाळायची ती त्यांनीच, त्यामुळे हुन्नर आधीच अंगात होता. १८५४ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेला नॅट लव्ह पुढे नावाजलेला गुराखी झाला. बिल पिकेटने धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवण्याचा प्रकार रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या खेळांत, रूढ केला. आज त्याच्या नावाने काळ्या स्वारांचा फिरता रोडिओ भरतो, १९८४ पासून. बास रीव्ज गुलामगिरीतून सुटून संघराज्याचा डेप्युटी मार्शल झाला आणि त्याने तीन हजारांहून जास्त गुन्हेगार पकडले असं सांगितलं जातं. लोन रेंजर हे मुखवटाधारी काउबॉय-नायकाचं प्रसिद्ध पात्र त्याच्यावरून सुचलं असंही ऐकायला मिळतं. त्याला कागदोपत्री आधार नाही, त्यामुळे तो दावा मी करणार नाही. रीव्जला त्याची गरजही नाही.

घोड्यांच्या शर्यतींची गोष्ट तर जास्त जिव्हारी लागते. १८७५ मध्ये पहिली केंटकी डर्बी झाली, तेव्हा पंधरापैकी तेरा जॉकी काळे होते आणि जिंकला ऑलिव्हर लुइस, तोही काळा. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने एकट्याने तीन. मग शर्यतीत पैसा आणि मान आला, वंशभेदाचे कायदे आवळले गेले आणि हे लोक पद्धतशीर बाहेर ढकलले गेले. १९२१ नंतर डर्बीत पुढचा काळा अमेरिकन जॉकी उतरला तो थेट २००० साली. एक अख्खा हुन्नर लोकांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला.

नीरा

मध्यरात्र, तुमच्या प्रतिसादाला जोडून. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जे मोर्चे निघाले, त्यात ऑकलंडमध्ये ब्रियाना नोबल ही तरुणी डॅपर डॅन नावाच्या आपल्या घोड्यावर बसून आली. तो फोटो जगभर गेला. ह्यूस्टनमध्ये, कॉम्प्टनमध्येही काळे स्वार रस्त्यावर उतरले. घोड्यावरचा माणूस मोर्चात एरवी एकच असतो: पोलीस. तोही गर्दीकडे तोंड करून. इथे गर्दीतलाच माणूस घोड्यावर होता आणि गर्दीबरोबर चालत होता. सप्टेंबरात हा चित्रपट महोत्सवात आला, तेव्हा लोकांनी तो या फोटोंच्या आठवणीतून पाहिला असणार.

केतकीचं म्हणणंही पटतं. हार्पची शेजारीण नेसी, म्हणजे लॉरेन टूसां, चित्रपटात फक्त काही प्रसंगांत आहे, पण कोलशी ती ज्या समजुतीने बोलते तसं बापाला अर्धा चित्रपट जमत नाही. तिची गोष्ट मला बघायची आहे.

उंबरा

बरेच दिवस इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

चित्रपट पाहताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आपल्या देशात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगडफेक झाल्याच्या, त्याला खाली उतरवल्याच्या बातम्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आजही येतात. पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागते. घोडा काही त्याच्या रोजच्या वापराचा नसतो. भाड्याने आणलेला असतो, तासाभरासाठी. तरी तो तासभर कुणालातरी सहन होत नाही, कारण घोड्यावर बसलेला माणूस बघायला मान वर करावी लागते.

त्यामुळे फ्लेचर स्ट्रीटची मुलं बिनखोगिराने गल्लीतून निघतात ते मला नुसतं देखणं वाटलं नाही. फिलाडेल्फियातल्या प्रसंगात आणि आपल्याकडच्या प्रसंगात खूप फरक आहे, ते मला एकच म्हणायचे नाहीत. तिथला मुलगा घोडा सांभाळतो, रोज, वर्षानुवर्षं. आपल्याकडे तो एका दिवसाचा हक्क मागतोय. पण रस्त्याच्या मधून, ताठ पाठीने, घाई न करता जाण्यात जे आहे ते दोन्हीकडे तेच आहे. हार्प एवढा कडक का वागतो, हे मला तिथे समजलं. पोराने पडू नये म्हणून तो ओरडत नाहीये. पोराने वर बसण्याचा मान स्वस्तात घेऊ नये म्हणून ओरडतोय.

केतकी

उंबरा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. लिहीत राहा.

पाऊलवाट

मुंबईतल्या व्हिक्टोरिया आठवल्या. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून बंद करायला सांगितलं. निकाल घोड्यांच्या हालामुळे होता, आणि हाल खरे होते. पण चालवणाऱ्यांचं काय होणार हा प्रश्न पुढे बरीच वर्षं रेंगाळला. पशुवैद्य_नगर म्हणतात तसंच: जनावराची बाजू आणि माणसाची बाजू एकाच टेबलावर कधी येत नाहीत.

आणखी एक विचारायचं होतं. असे तबेले फक्त फिलाडेल्फियात आहेत का?

मध्यरात्र

नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये रिचलँड फार्म्स नावाचा भाग आहे, तिथे जनावरं पाळायला परवानगी असलेल्या मोठ्या जागा आहेत. मायीशा अकबर यांनी १९८८ मध्ये तिथे मुलांसाठी घोडेस्वारीची संस्था काढली, टोळ्यांपासून पोरं लांब राहावीत म्हणून. तिथेच वाढलेल्या काही जणांनी पुढे 'कॉम्प्टन काउबॉईज' सुरू केलं. बाल्टिमोरमध्ये अजून काही भाजीवाले घोडागाडीवर फळं विकतात, त्यांना 'अरॅबर' म्हणतात. न्यूयॉर्कमध्येही काळ्या काउबॉयांचा एक संघ होता, क्वीन्सच्या बाजूला.

व्हिक्टोरियाची तुलना मला अर्धीच पटते. तिथे घोडा रोजीरोटी होता, पर्यटक मागे बसायचे. फ्लेचर स्ट्रीटवर घोडा पोट भरत नाही, उलट तोच खिसा रिकामा करतो. पोटासाठी माणूस दुसरं काम करतो आणि संध्याकाळी तबेल्यात येतो. म्हणून त्याला 'पर्यायी रोजगार देऊ' असं सांगून गप्प बसवता येत नाही.

अभिजित_एनजे

ज्यांना आणखी बघायचंय त्यांच्यासाठी: मोहमद बुरुइसा या फ्रेंच-अल्जेरियन कलाकाराने फ्लेचर स्ट्रीटवर काही महिने राहून २०१४ च्या सुमारास तिथल्या स्वारांबरोबर 'हॉर्स डे' नावाचा उपक्रम केला. गाड्या सजवणारी मंडळी असतात तसे घोडे सजवले: जुन्या सीड्यांची चमकती झूल वगैरे. नंतर फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं. त्यात कुणी मरत नाही, कुणी माल विकत नाही. पोरं हसत घोडे सजवतात आणि स्पर्धा लावतात. केतकी, तुम्हाला चित्रपटात जे कमी वाटलं ते तिथे सापडेल.

रानजाई

हे बघणार. धन्यवाद.

घोडे परत आणण्याच्या प्रसंगाबद्दल मला अजून लिहायचं होतं. रात्री सगळे मिळून सरकारी जागेतून आपले घोडे काढून आणतात. कायद्याने ती चोरीच. चित्रपट तिथे संगीत चढवत नाही, कुणी घोषणा देत नाही. एकेक घोडा ओळखीच्या माणसाकडे येतो, बस. लेरॉय नावाचा पोलीस आहे, मेथड मॅनने केलेला. तो एकेकाळी यांच्यातलाच स्वार होता आणि आता गणवेशात आहे. त्याच्याकडे बघताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कायदा कुणाच्या बाजूने लिहिला जातो हे त्याला आतून माहीत आहे आणि त्याच कायद्याचा पगार तो घेतो. त्याला दोषी ठरवून मोकळं होता येत नाही, ही पटकथेची जमेची बाजू.

खोगीर

त्या प्रसंगात घोडे आवाज न करता येतात ते खरं आहे. ओळखीच्या माणसाच्या मागे घोडा अंधारातही दोरी सैल ठेवून येतो. परक्याच्या मागे तोच घोडा जागचा हलत नाही.

सई_आई

सगळा धागा वाचला. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, घोड्यांचं प्रचंड वेड. त्याच्याबरोबर बघता येईल का?

रानजाई

सई_आई, अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे. शिव्या भरपूर, अमली पदार्थ दिसतात आणि स्मशला गोळी लागते तो प्रसंग अंगावर येतो. मी तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवणार नाही. तुम्ही आधी बघा. मग वाटलं तर त्याच्याबरोबर बसून बघा आणि मधे थांबवून बोला. कोलचं तबेल्यातलं काम आणि शेकोटीचा भाग त्याला नक्की आवडेल. कादंबरीतला कोल त्याच्याच वयाच्या आसपासचा आहे, मुलांसाठीच लिहिलेली आहे, इंग्रजी वाचत असेल तर सुरुवात तिथून करता येईल.

खोगीर

आणि जवळपास चांगली पागा असेल तर रपेटीच्या आधी त्याला आठवडाभर सकाळी ठाण साफ करायला पाठवा. पागेवाले आनंदाने हो म्हणतील.